मुंबईचा पूर्व किनारा: बंदराच्या जमिनीवर नवं शहर उभं राहणार, पण ते ठरवणार कोण?

हार्बर लाइनने वडाळ्याहून सीएसएमटीकडे जाताना कधी डावीकडच्या खिडकीत बसला आहात? शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी स्टेशनं एकामागून एक जातात. नकाशा उघडून पाहिलं तर समुद्र अगदी जवळ दिसतो. खिडकीतून मात्र दिसतात गोदामं, पत्र्याच्या शेड, भंगाराचे ढीग आणि लांबच लांब भिंती. मुंबईचा पश्चिम किनारा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मरीन ड्राइव्ह, दादर चौपाटी, जुहू. पूर्वेलाही तितकाच खरा किनारा आहे, हे अनेक मुंबईकरांना लक्षातही येत नाही.

या भिंतीपलीकडची जमीन गेली दहा-बारा वर्षं चर्चेत आहे. तिथे ऑफिस, घरं, दुकानं, बागा, जेटी असं सगळं मिळून एक नवं शहर वसवायचं, अशी ही कल्पना. शहरातला मोकळ्या जागेचा हा कदाचित शेवटचा मोठा साठा आहे. म्हणून प्रश्न फक्त 'काय बांधणार' एवढाच नाही. कोणासाठी बांधणार, आणि ते ठरवताना तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारणार का, हा खरा प्रश्न आहे. नीट समजून घेऊया.

ही जमीन नेमकी कुठे आणि कोणाची?

कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा हा पट्टा. त्यातली जवळपास १,८०० एकर जमीन मुंबई बंदराच्या ताब्यात आहे. हे बंदर केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं. आधी त्याचं नाव होतं मुंबई पोर्ट ट्रस्ट, २०२१ च्या कायद्यानंतर ते झालं मुंबई बंदर प्राधिकरण.

म्हणजे शहर मुंबई महापालिकेचं, नगररचनेचा कायदा राज्याचा आणि जमीन केंद्राची. हे त्रांगडं लक्षात ठेवा. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

किनारा बंद कसा झाला?

बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर ससून डॉक (१८७५), प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४), म्हणजे आजचं इंदिरा डॉक, अशी एकेक गोदी उभी राहिली. यातली बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून तयार केलेली आहे. कापूस, कोळसा, धान्य, लाकूड उतरवायला वेगवेगळी बंदरं होती. लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर ही नावं आजही त्याची आठवण देतात. कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नावही कापसाच्या व्यापारातूनच आलं.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. गोदी पुन्हा उभी राहिली, पण काळ बदलत होता. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक हळूहळू तिकडे गेली. जुन्या गोद्यांमधलं काम कमी झालं, गोदामं रिकामी पडू लागली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबई बंदर बंद पडलेलं नाही. जवाहर द्वीप आणि पीर पाव इथे कच्चं तेल आणि रसायनं उतरतात. गोदीतून गाड्या, पोलाद यांची ने-आण होते. त्यामुळे 'मोकळी पडलेली जमीन' हे शब्द वाचले की एक प्रश्न लगेच विचारा: नक्की कुठली?

आराखडा कुठून आला?

२०१४ मध्ये केंद्राच्या जहाजबांधणी मंत्रालयाने बंदराच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बंदराच्या जमिनीचं काय करता येईल, हे तिने सुचवायचं होतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी बंदरालाच 'विशेष नियोजन प्राधिकरण' म्हणून नेमलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बंदराने प्रारूप आराखडा जाहीर करून लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या.

विशेष नियोजन प्राधिकरण म्हणजे काय? एरवी शहराचा विकास आराखडा महापालिका करते. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० नुसार एखाद्या भागापुरता हा अधिकार राज्य सरकार दुसऱ्या संस्थेला देऊ शकतं. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तो एमएमआरडीएकडे आहे. याचा फायदा असा की निर्णय एका हातात येतात. तोटा असा की आराखडा निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहात जात नाही. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला जाब विचारता येतो. बंदराच्या मंडळावर मात्र तुम्ही कोणाला निवडून दिलेलं नसतं. शिवाय इथे नियोजन करणारा आणि जमिनीचा मालक एकच आहे.

आराखड्यानंतर किनाऱ्यावर काही तुकडे बदलले आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसच्या लाँच पूर्वीपासून होत्याच, २०२० पासून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोटही सुटू लागली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून सुटणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. म्हणजे या पट्ट्याच्या उत्तर टोकाला एका रात्रीत नवं महाद्वार उघडलं. जमिनीचा भाव कुठल्या दिशेला जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मिक्स्ड-यूज म्हणजे नक्की काय?

मराठीत म्हणायचं तर संमिश्र वापर. एकाच भागात राहणं, काम, बाजार, शाळा, बाग हे सगळं. गिरगाव किंवा लालबाग आठवा: खाली दुकान, वर बिऱ्हाडं, कोपऱ्यावर शाळा, गल्लीच्या टोकाला मंडई. संमिश्र वापर आपल्याला नवा नाही, फक्त नाव नवं आहे.

नियोजनात याचे फायदे खरे आहेत. फक्त ऑफिसांचा भाग संध्याकाळी सातनंतर ओस पडतो. फक्त घरांचा भाग सकाळी सगळ्यांना एकाच दिशेच्या गाडीत कोंबतो. मिश्रण असेल तर रस्ता दिवसभर जागा राहतो आणि प्रवास कमी होतो.

मेख प्रमाणात आहे. दहा मजली ऑफिसखाली कॉफीचं दुकान काढलं तरी कागदावर तो संमिश्र वापरच. म्हणून आराखडा वाचताना तीन आकडे शोधा: परवडणाऱ्या घरांना किती जागा, कायमस्वरूपी खुल्या जागेला किती, आणि सध्या चालू असलेल्या धंद्यांना किती. मुंबईत माणशी खुली जागा दोन चौरस मीटरही नाही. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ती १० ते १२ चौरस मीटर असावी असं म्हटलं आहे. त्यामुळे दुसरा आकडा विशेष काळजीने पाहावा.

तिथे आधीच कोण आहे?

पुनर्विकासाच्या रंगीत चित्रांमध्ये किनारा नेहमी रिकामा असतो. प्रत्यक्षात तो गजबजलेला आहे.

*कोळी समाज.* ससून डॉक आणि भाऊचा धक्का ही शहरातली मासळीची मोठी केंद्रं. पहाटे मासळी उतरते, लिलाव होतो, बायका टोपल्या घेऊन बाजाराला निघतात, शेडमध्ये कोळंबी सोलण्याचं काम चालतं. मच्छीमाराला पाण्याकडे जाणारी वाट लागते. बोट लावायला, जाळी सुकवायला, बर्फाचा टेम्पो उभा करायला जागा लागते. किनाऱ्यावर सुंदर पायवाट झाली, पण बोट काढायची वाट बंद झाली, तर त्याच्यासाठी तो विकास नाही. शहरातल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा वाद जुना आहे, आणि त्याचं मूळ हेच आहे: घरं मोजली जातात, जाळी सुकवायचं अंगण मोजलं जात नाही.

*दारूखान्यातले कामगार आणि व्यापारी.* जुनी जहाजं तोडणं, लोखंडाचं भंगार, यंत्रांचे सुटे भाग यावर रे रोड परिसरातली हजारो कुटुंबं जगतात. काम धोक्याचं आहे, प्रदूषणही होतं. पण ते हलवायचं तर कुठे, आणि कामगारांचं काय, याचं उत्तर आराखड्यात हवं.

*झोपडपट्टीतले रहिवासी.* बंदराच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. मुंबईत इतरत्र झोपडपट्टी पुनर्वसन योजना चालते. इथे जमीन केंद्राची असल्याने राज्याची योजना आपोआप लागू होत नाही, केंद्राची संमती लागते. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडच्या झोपडीला एक नियम आणि पलीकडच्या झोपडीला दुसरा, अशी स्थिती होते.

*भाडेकरू आणि भाडेपट्टेदार.* बंदराच्या जमिनीवर जुन्या चाळी, इमारती, कंपन्यांची गोदामं आहेत. त्यांच्या भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ च्या निकालात न्यायालयाने भाडं वाढवण्याचा बंदराचा हक्क मान्य केला. मात्र बंदर ही सरकारी संस्था आहे, तिने खासगी घरमालकासारखं फक्त नफा बघून चालणार नाही, वागणं न्याय्य हवं, हेही स्पष्ट केलं.

गिरण्यांच्या जमिनीने काय शिकवलं?

मुंबईने ही परीक्षा एकदा दिली आहे. आणि आपण नापास झालो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम ५८ मध्ये सोपं सूत्र होतं. जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश खुल्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, असं ठरलं. गिरणीच्या जमिनीवर बहुतांश बांधकामच असतं. मोकळा तुकडा छोटा, त्यामुळे शहराचा वाटाही छोटा झाला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला.

आज परळ-लोअर परळमध्ये टॉवर आहेत, मॉल आहेत. आणि संध्याकाळी अरुंद पुलांवर उभी राहिलेली गर्दीही आहे. अनेक गिरणी कामगारांची कुटुंबं घराच्या सोडतीची वाट बघत राहिली. धडा एका ओळीचा आहे: मोठी चित्रं पाहू नका, नियमाची व्याख्या वाचा. तिथे 'खुली जागा' म्हणजे काय, यावरून शेकडो एकरांचा फैसला झाला.

जगात हे कसं झालं? दोन गोद्यांची गोष्ट

लंडनच्या गोद्या कंटेनरच्या युगात बंद पडल्या. १९८१ मध्ये तिथे एक विशेष महामंडळ स्थापन झालं आणि स्थानिक पालिकांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे गेले. आपल्या विशेष नियोजन प्राधिकरणाशी हे बरंच मिळतंजुळतं आहे. काम वेगाने झालं, कॅनरी वॉर्फचे टॉवर उभे राहिले. पण गोदी कामगारांच्या वस्त्यांना वाटलं की हे आपल्यासाठी नाही. रॉयल डॉक्स भागात विमानतळाचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी १९८३ मध्ये स्वतःचा 'लोकांचा आराखडा' तयार केला. त्यात घरं, रोजगार, पाळणाघरं यांचा विचार होता. विमानतळ झालाच, १९८७ मध्ये. तरी लोकांनी नुसता विरोध न करता पर्याय मांडला, म्हणून तो आराखडा आजही अभ्यासला जातो. आणखी एक गोष्ट: कॅनरी वॉर्फ उभारणारी कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. भुयारी रेल्वे तिथे पोहोचली १९९९ मध्ये. आधी टॉवर आणि मग रेल्वे, हा क्रम महागात पडला.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गने दुसरी वाट धरली. १५७ हेक्टरच्या हाफेनसिटीचा आराखडा २००० मध्ये मंजूर झाला. जमीन शहराच्याच कंपनीने हातात ठेवली. विकासकाला आधी फक्त भूखंड राखून दिला जातो. त्याने शहराबरोबर बसून इमारतीची रचना पक्की करायची, परवानगी मिळवायची आणि मगच जमीन विकत मिळते. म्हणजे प्लॉट घेऊन भाव वाढेपर्यंत पडीक ठेवणं कठीण. बऱ्याच इमारतींचे तळमजले दुकानं, कॅफे अशा लोकांसाठी खुल्या वापराला ठेवलेले आहेत. पुराचा धोका ओळखून इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर किंवा त्याहून उंच जोत्यावर बांधल्या. पूर्वेकडच्या भागाचा आराखडा पुढे चर्चा करून बदललाही. सगळं आदर्श झालं असं नाही, सुरुवातीची घरं महाग असल्याची टीका झाली. त्यानंतर परवडणाऱ्या घरांचं प्रमाण वाढवण्यात आलं.

मुंबईच्या बाजूने एक गोष्ट आहे: इथेही जमीन सार्वजनिक आहे. गिरण्यांची बरीचशी खासगी होती. म्हणजे अटी घालण्याची ताकद सरकारच्या हातात आहे, ती वापरायची की नाही एवढाच प्रश्न.

फ्लेमिंगो, गाळ आणि भरतीचं पाणी

शिवडीच्या चिखलपट्टीवर दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण ते ऐरोली ते वाशी पुलादरम्यान आहे, शिवडी त्याच्या हद्दीबाहेर. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना आधार आहे तो मुख्यतः खारफुटी आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा.

दुसरा मुद्दा मातीचा. जिथे अनेक दशकं जहाजं तोडली, कोळसा आणि रसायनं साठवली, तिथे बाग किंवा शाळा करण्याआधी माती आणि भूजल तपासायलाच हवं. तिसरा मुद्दा पाण्याचा. भराव घातलेली सखल जमीन, मोठी भरती आणि जुलैचा मुसळधार पाऊस एकत्र आले की काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पावसाचं पाणी समुद्रात जाण्याच्या वाटा याच पट्ट्यातून जातात. इथे बांधकाम चुकलं तर पाणी परळ-भायखळ्यात तुंबेल.

हरकत घेऊन खरंच काही होतं का?

होतं. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात चुकांचा पाऊस होता. हजारो हरकती आल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून दुरुस्तीचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. म्हणजे लोकांनी कागद वाचला, तर कागद बदलतो.

प्रक्रिया साधारण अशी चालते:

१. हद्द आणि नियोजन करणारी संस्था ठरते.
२. सध्या कुठे काय आहे याचा नकाशा होतो. याला विद्यमान भूवापर नकाशा म्हणतात.
३. प्रारूप आराखडा आणि नियमावली प्रसिद्ध होते.
४. ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना घेतल्या जातात.
५. समितीपुढे सुनावणी होते.
६. बदलांसह आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीला जातो.
७. मंजुरीनंतरही कायद्याच्या कलम ३७ नुसार एखाद्या भूखंडापुरता फेरबदल करता येतो. त्यासाठीही सूचना निघते आणि हरकत घेता येते.

बहुतेक लोक चौथ्या टप्प्यावर जागे होतात. खरं तर दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा. तुमची वस्ती, मंदिर, दर्गा, बोट लावायची जागा त्या नकाशावरच नसेल, तर पुढच्या कागदात ती 'रिकामी जमीन' होते. आणि सातव्या टप्प्यावर जवळपास कोणीच लक्ष ठेवत नाही.

हरकत कशी लिहायची?

इन्स्टाग्रामवरची स्टोरी चोवीस तासांत जाते. शिक्का मारलेला अर्ज फाइलमध्ये राहतो. तो लिहिताना:

- नकाशाचा पत्रक क्रमांक आणि भूखंड किंवा सर्व्हे क्रमांक लिहा. 'आमच्या भागात अन्याय झाला' एवढं पुरत नाही.
- जागेवर आज काय आहे, हे फोटो आणि तारखेसह जोडा.
- आराखड्यात काय दाखवलं आहे आणि त्याऐवजी काय हवं, हे दोन ओळींत सांगा.
- एका मुद्द्याला एक हरकत. दहा मुद्दे एकात घातले की उत्तर मोघम मिळतं.
- प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचं लिहा.
- पोच घ्या. ईमेल केलात तर त्याची प्रत जपून ठेवा.
- मराठीतच लिहा, त्याने वजन कमी होत नाही. नियमावली फक्त इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागणं हीसुद्धा सूचनाच आहे.

पुढे काय बघायचं?

पूर्व किनाऱ्याबद्दलची पुढची बातमी किंवा रील समोर आली, की पाच प्रश्न मनात ठेवा. किनाऱ्यालगतची पायवाट सलग आणि सगळ्यांना फुकट खुली असेल का, की मध्येमध्ये खासगी फाटकं येतील? मच्छीमारांच्या बोटींची वाट नकाशावर आहे का? झोपडीतल्या कुटुंबांना घर याच पट्ट्यात मिळणार की शहराबाहेर? रेल्वे-बसची सोय इमारतींच्या आधी होणार की नंतर? आणि जमीन विकली जाणार की भाडेपट्ट्याने दिली जाणार? भाडेपट्ट्याने दिली तर अटी मोडल्यावर परत घेता येते. विकली तर गेली.

पुढच्या वेळी हार्बर लाइनवर गेलात की डॉकयार्ड रोडला उतरून पाहा. फलाट उंचावर आहे, तिथून गोदीच्या क्रेन दिसतात. भिंत किती जवळ आहे ते कळतं. ती भिंत कधी ना कधी उघडेल. आतल्या जागेत कोणाला उभं राहता येईल, ते मात्र आजच्या कागदांवरच ठरतंय.